न उतरणारी सूज: लिम्फेडेमाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचं सदर एकाच विषयाला दिलं आहे: लिम्फेडेमा, म्हणजे लसिकेची (ऊतींतून रक्तात परत जाणाऱ्या द्रवाची) वाहतूक अडल्यामुळे येणारी सूज. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलेले थोडे कापले आहेत. उत्तरांत जिथे ‘थेरपिस्ट’ म्हटलं आहे, तिथे लिम्फेडेमाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती समजावी. ‘मिमी पारा’ हे रक्तदाब मोजतात तेच एकक.

प्रश्न: स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन चौदा महिने झाले. काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशनही झालं. हल्ली संध्याकाळी तो हात जड होतो, अंगठी रुतते. सकाळी सगळं ठीक असतं. तपासणीत ‘सूज दिसत नाही’ असं सांगितलं. मी उगाच घाबरते आहे का?

उगाच नाही. तुम्ही सांगता ती लक्षणं सूज डोळ्यांना दिसण्याआधीची असू शकतात.

केशवाहिन्यांतून पाणी आणि थोडी प्रथिनं दिवसभर पेशींमधल्या जागेत झिरपत असतात. ती गोळा करून रक्तात परत सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. प्रथिनांचे मोठे रेणू केशवाहिनीच्या भिंतीतून माघारी जाऊ शकत नाहीत, त्यांना लसिकेचाच रस्ता असतो. काखेतल्या लसिकाग्रंथी म्हणजे हाताच्या या वाहतुकीचं जंक्शन. त्या काढल्या किंवा रेडिएशनने आजूबाजूचा भाग आवळला, की उरलेल्या वाहिन्या जास्तीचं ओझं ओढू लागतात. काही महिने, कधी काही वर्षं त्या निभावून नेतात, मग थकतात. म्हणून शस्त्रक्रिया आणि सूज यांत एवढं अंतर पडतं. बहुतेकींना त्रास पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू होतो, पण त्यानंतरही होऊ शकतो.

वैद्यकीय वर्गीकरणात 0 ते 3 असे टप्पे आहेत. टप्पा 0 मध्ये वाहतूक मंदावलेली असते, सूज दिसत नाही, फक्त जडपणा जाणवतो. टप्पा 1 मध्ये सूज येते, दाबलं की खळगा पडतो आणि हात उंच ठेवून रात्र काढली की ती उतरते. टप्पा 2 मध्ये नुसतं उंच ठेवून उतरत नाही. साचलेल्या प्रथिनांमुळे दाह धुमसत राहतो, आत तंतू तयार होतात, चरबी साठते आणि खळगा पडेनासा होतो. टप्पा 3 मध्ये त्वचा जाड, खडबडीत होते, घड्या आणि चामखिळीसारखे उंचवटे येतात. तुम्ही 0 आणि 1 च्या उंबरठ्यावर असाव्यात. उपचाराला सगळ्यांत जास्त फळ इथेच मिळतं.

घरी दोन गोष्टी करा. पहिली, चिमटीची तपासणी. दुसऱ्या बोटाच्या (पायाचं असेल तर अंगठ्याशेजारच्या बोटाच्या) बुडाशी, वरच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून उचलायची. उचलली गेली नाही किंवा दुसऱ्या बाजूपेक्षा जाड लागली, तर लिम्फेडेमाची शक्यता दाट. उचलली गेली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला ती उचलली जातेच.

दुसरी, मोजपट्टी. हात टेबलावर सरळ ठेवा, मनगटाच्या हाडापासून वर दर 4 सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि प्रत्येक खुणेवर घेर घ्या. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोन्ही हात मोजा, दर वेळी एकाच वेळेला. दोन खुणांमधल्या भागाचं आकारमान काढायचं सूत्र सोपं आहे: पहिल्या घेराचा वर्ग, दुसऱ्या घेराचा वर्ग आणि दोन्ही घेरांचा गुणाकार यांची बेरीज करा, तिला 4 ने गुणा आणि 37.7 ने भागा. एका हाताचे घेर 22 आणि 24 असतील तर उत्तर साधारण 168 मिलिलिटर येतं. दुसऱ्याचे 24 आणि 26 असतील तर 199. टेपवर जेमतेम 2 सेंटिमीटर फरक, आकारमानात मात्र तो 18 टक्के निघाला, आणि हा हाताचा फक्त चार सेंटिमीटरचा तुकडा. सगळ्या तुकड्यांची बेरीज दुसऱ्या हातापेक्षा 10 टक्के किंवा 200 मिलिलिटरने जास्त भरली, की लिम्फेडेमा धरतात. रोजच्या वापराचा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून शस्त्रक्रियेआधीचं माप असेल तर ते सोन्यासारखं. ते कोणी घेत नाही, हे आमचं जुनं दुखणं.

मापं लिहून थेरपिस्टकडे जा. या टप्प्यावर बहुधा हलक्या दाबाची स्लीव्ह (हातावर चढवायची घट्ट बाही) आणि व्यायाम एवढ्यावर भागतं.

प्रश्न: लघवीच्या गोळ्या घेतल्या की पायाची सूज दोन दिवस कमी वाटते, मग होती तशीच. डोस वाढवू का? पाणी आणि प्रथिनं कमी केली तर?

तिन्ही नको. लघवीच्या गोळ्या रक्तातलं पाणी काढतात, त्यापाठोपाठ ऊतींतलं थोडं पाणी ओढलं जातं. प्रथिनं जागेवरच राहतात आणि गोळीचा असर संपला की पाणी पुन्हा खेचून घेतात. मधल्या काळात राहिलेला द्रव आणखी दाट होतो. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबासाठी गोळी दिली असेल तर ती अर्थातच चालू ठेवायची. नुसत्या लिम्फेडेमाला तिचा उपयोग नाही.

खाण्यातली प्रथिनं कमी केल्याने पायातली प्रथिनं कमी होत नाहीत. उलट रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन फार घसरलं तर सूज वाढेल. पाणी तहानेप्रमाणे प्या. खरा फरक पडतो तो वजनाने.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या: तुमच्या बाकीच्या औषधांत अॅम्लोडिपिन, प्रिगॅबालिन, पायोग्लिटाझोन, स्टिरॉइड किंवा रोजची वेदनाशामक गोळी आहे का? ही सगळी सूज वाढवू शकतात. आपल्या मनाने बंद करू नका, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: हाताला क्रेप बँडेज घट्ट बांधून झोपले. सकाळी बोटं फुगलेली, काळीनिळी. बँडेज आपल्याला सोसत नाही असं समजायचं का?

बँडेज चुकीचं होतं आणि बांधणीही. क्रेप किंवा साधं इलॅस्टिक बँडेज भरपूर ताणलं जातं. ते हात स्वस्थ असतानाही सतत आवळत राहतं, आणि स्नायू हलले की बाहेर सरकून त्यांना जागा देतं. आपल्याला नेमकं उलटं हवं. लिम्फेडेमाला ‘शॉर्ट स्ट्रेच’ बँडेज लागतं. ओढलं तरी ते दुपटीपेक्षा कमीच लांबतं. विश्रांतीत त्याचा दाब कमी राहतो, आणि मूठ वळली की आतला स्नायू त्या न हलणाऱ्या भिंतीवर आपटतो, दाब एकदम वाढतो, द्रव पुढे ढकलला जातो. म्हणून ते बांधून झोपता येतं, आणि म्हणूनच ते बांधून हात हलवायलाही हवा.

आता बांधणी. ती थेरपिस्टसमोर हात बसेपर्यंत करून मग घरी करायची, पण क्रम डोक्यात असलेला बरा.

आधी मलम लावून त्वचा मऊ करा. त्यावर सुती नळीसारखं कापड बोटांच्या पेरांपासून काखेपर्यंत चढवा, अंगठ्यासाठी भोक पाडून. मग बोटं. चार-पाच सेंटिमीटर रुंदीची मऊ जाळीची पट्टी मनगटाभोवती एकदा सैल फिरवायची, हाताच्या पाठीवरून बोटाकडे न्यायची, नखाच्या मुळापासून बोटाच्या बुडापर्यंत दोन-तीन वेढे आणि परत मनगटाकडे. मग पुढचं बोट. बोटांची टोकं उघडी ठेवा. रंग तिथेच कळतो. तुमची चूक इथे झाली: बोटं मोकळी ठेवून मनगटाला आवळलं, द्रवाला जायला बोटांखेरीज जागाच उरली नाही.

त्यानंतर कापसाची किंवा फोमची गादी, तळहाताच्या खळग्यात आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुहेरी. गादीचं काम फक्त टोचणं थांबवणं नाही. सारखाच ताण दिला तरी बारीक भागावर दाब जास्त पडतो आणि जाड भागावर कमी, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मनगट बारीक, दंड जाड, त्यामुळे दाब खालून वर आपोआप उतरत जातो. मुद्दाम खाली जास्त ओढायची गरज नसते. मात्र हाताचा आकार मध्येच खपाटीला गेला असेल तर तिथे दाब एकदम चढतो. गादीने तो भाग नळकांड्यासारखा भरून काढायचा.

शेवटी शॉर्ट स्ट्रेच बँडेज: 6 सेंटिमीटरचं तळहात आणि मनगटाला, बोटं फाकवून, 8 चं मनगटापासून कोपरापर्यंत, मूठ आवळून, 10 चं मनगटापासून काखेपर्यंत, आधीच्या उलट दिशेने. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर निम्मा चढलेला हवा. गुंडाळी हाताजवळ धरून, एकसारख्या ताणाने सोडत जा. टोक चिकटपट्टीने बंद करा. पाकिटातल्या धातूच्या क्लिपा फेकून द्या, त्या त्वचेला ओरखडतात आणि पुढचा संसर्ग तिथूनच आत जातो.

बांधून झालं की नख दाबून सोडा. दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. बोटं गार पडली, निळी झाली, मुंग्या आल्या किंवा दुखायला लागलं आणि हलवूनही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर सोडा आणि पुन्हा बांधा. ‘सोसायला हवं’ हा नियम इथे लागू नाही.

उपचाराच्या पहिल्या भागात, जो साधारण दोन ते चार आठवडे चालतो, हे बँडेज दिवसरात्र असतं. सूज उतरेल तसं ते सैल पडतं, म्हणून रोज नव्याने बांधतात. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, हृदयविकार आटोक्यात नसेल, शिरेत नुकती गुठळी झाली असेल किंवा संसर्ग पेटलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाब द्यायचा नाही. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांनी पायाला दाब देण्याआधी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजून घ्यावं. ते 0.5 च्या खाली असेल तर दाब नाहीच, 0.5 ते 0.8 मध्ये असेल तर कमी दाब, तोही तज्ज्ञाच्या नजरेखाली.

प्रश्न: ‘क्लास 2’ स्टॉकिंग घ्या असं लिहून दिलं. दोन कंपन्यांच्या क्लास 2 वर वेगवेगळे आकडे आहेत. एक तर चढतच नाही. किती दिवस टिकतं?

आकडे वेगळे आहेत कारण मानकं वेगळी आहेत. जर्मन मानकात क्लास 2 म्हणजे 23 ते 32 मिमी पारा, ब्रिटिश मानकात 18 ते 24. क्लास विसरा, दाबाचा आकडा लिहून मागा. हाताला साधारण 15 ते 30 च्या दरम्यान भागतं, पायाला बहुधा त्याहून जास्त लागतो.

आकड्याइतकंच विणकामही महत्त्वाचं. शिवण नसलेलं, गोल विणलेलं स्टॉकिंग ताणतं जास्त आणि घडीत रुततं. सपाट विणून मागे शिवलेलं स्टॉकिंग जाड, कडक, दिसायला ओबडधोबड असतं, पण ते खळग्यांवरून सरळ जातं. पायाला घड्या पडल्या असतील किंवा आकार वाकडातिकडा असेल तर सपाट विणीचं, मापाने शिवलेलंच घ्या. माप सूज उतरवून झाल्यावर आणि सकाळी द्यायचं. सुजलेल्या पायाचं माप दिलं तर स्टॉकिंग सूज जपून ठेवतं. हाताचा पंजा सुजत असेल तर नुसती स्लीव्ह नको, हातमोजाही हवा.

चढत नाही याचं निम्मं कारण मलम. मलम रात्री लावा, सकाळी त्वचा कोरडी हवी. उठल्या उठल्या, पाय खाली लोंबण्याआधी घाला. रबरी हातमोजे घाला. टाचेपर्यंत स्टॉकिंग उलटं करून पाऊल आत सरकवा, टाच टाचेच्या जागी बसवा, मग तळव्याने थोडं थोडं वर सरकवत न्या. वरची किनार धरून ओढू नका. सगळा ताण मांडीत जमा होतो आणि घोट्याला काहीच मिळत नाही. किनार लांब वाटली तर दुमडू नका. दुमडलेल्या पट्टीचा दाब दुप्पट होतो आणि ती दोरीसारखी आवळते.

दोन जोड ठेवा, एक अंगावर, एक वाळत. सौम्य साबण, कोमट पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि सावलीत वाळवायचं. फॅब्रिक सॉफ्टनर धाग्याचा ताण मारतो. रोज वापरलं तर साधारण सहा महिन्यांत दाब उतरतो. न खेचता सहज चढायला लागलं, की ते तुमच्या सवयीचं कौतुक नव्हे, स्टॉकिंग संपल्याची खूण.

प्रश्न: तेल लावून चांगलं जोर देऊन मालिश केलं तर साचलेलं मोकळं होणार नाही का?

नाही, उलट होईल. जोरात रगडलं की रक्तपुरवठा वाढतो, जास्त द्रव झिरपतो, आणि त्वचेलगतच्या नाजूक लसिकावाहिन्या दाबल्या जातात. लसिकेच्या मालिशमध्ये हात त्वचेवरून घसरत नाही. त्वचा हातासोबत हलकेच ताणली जाते आणि सोडली जाते. म्हणून तेल नको, तेलाने हात घसरतो. स्नायू हाताला लागला तर समजायचं, जोर जास्त झाला.

क्रमही उलटा आहे. सुरुवात सुजलेल्या पंजापासून नाही. आधी पाच-सहा खोल श्वास, पोट फुगवून. मग गळपट्टीच्या हाडाच्या वरचे खळगे, मग दुसऱ्या बाजूची चांगली काख आणि सुजलेल्या हाताच्या बाजूची जांघ, मग छातीवरून त्या दिशेने, त्यानंतर दंड, कोपर, शेवटी पंजा. प्रत्येक ठिकाणी पाच ते सात सावकाश हालचाली. पुढचा रस्ता मोकळा केल्याशिवाय मागची गर्दी सोडायची नाही, इतकं साधं तत्त्व आहे. ही पद्धत 1930 च्या दशकात एमिल वोडर यांनी मांडली. पण दाबाशिवाय नुसत्या मालिशचा गुण काही तासांत ओसरतो. वेळ कमी असेल तर मालिश सोडा, स्लीव्ह सोडू नका.

प्रश्न: वडिलांना हत्तीरोग आहे. दर दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येतं, पाय लालबुंद होतो. हत्तीरोगाच्या गोळ्यांचे कोर्स झाले. जंतू मेलेच नाहीत का?

हे झटके बहुतेक वेळा फायलेरियाच्या कृमीचे नसतातच. ते त्वचेतून शिरलेल्या साध्या जिवाणूंचे, मुख्यतः स्ट्रेप्टोकोकसचे असतात. डीईसीची, म्हणजे हत्तीरोगाची गोळी रक्तातल्या कृमींच्या पिल्लांना मारते, पण खराब झालेल्या वाहिन्या पूर्ववत करत नाही. वाहिन्या बंद, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींची ये-जाही बंद. अशा पायात मूठभर जिवाणू पुरतात. आणि प्रत्येक झटका आणखी काही वाहिन्या जाळून जातो, पाय आणखी जाड होतो, पुढचा झटका आणखी सोपा.

जिवाणू शिरतात कुठून? बोटांच्या बेचक्यांतून. आज वडिलांच्या पायाची बोटं एकेक करून फाकवून पाहा. पांढरी, भिजलेली, सोललेली त्वचा दिसेल. चिखल्या. दारं तिथे उघडी आहेत. टाचेच्या भेगा, नखाचे कोपरे, घड्यांच्या तळाचे ओरखडेही पाहा.

रोजचं काम असं. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने पाय धुवा, वरून खाली, प्रत्येक घडीत आणि बेचक्यात बोट घालून. पाणी गढूळ न येईपर्यंत. ब्रश किंवा दगड घासू नका. मग मऊ कापडाने टिपून कोरडं करा, चोळू नका. बेचक्यात कापडाची किंवा गॉजची घडी घालून ओल टिपा. सगळ्या कामात ही पायरी सगळ्यांत जास्त चुकते: पाय धुतात छान, कोरडा करत नाहीत, आणि बुरशीची सोय होते. चिखल्यांवर टर्बिनाफिन किंवा मायकोनाझोलसारखं बुरशीचं मलम लावा. बाकी पायाला साधं मऊ करणारं मलम, पण बेचक्यात ते नको. ओरखड्यावर जंतुनाशक. बसताना आणि झोपताना पाय उंच. दर तासाला घोटा वरखाली, गोल. चप्पल न रुतणारी, रुंद.

हे नेमाने केलं तर झटके कमी होतात, हा जगभरच्या हत्तीरोग कार्यक्रमांचा अनुभव आहे. पायाचा आकार पूर्वीसारखा होणार नाही, पण ताप थांबले की वास आणि जखमाही थांबतात.

झटका आला तर वाट पाहू नका. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि डॉक्टरांकडे जा. रेघेपलीकडे लाली गेली तर उपचार पुरत नाही हे लगेच कळतं. प्रतिजैविक बहुधा किमान 14 दिवस लागतं. तीन दिवसांत ताप गेला म्हणून सोडलं तर तोच झटका परततो. तोवर मालिश नाही. दाब सोसवेल तेव्हाच परत सुरू. गोंधळ, उलट्या, वाढता ताप किंवा काळे फोड दिसले तर थेट रुग्णालय.

वर्षाला दोन किंवा जास्त झटके येत असतील तर डॉक्टरांना रोजच्या कमी मात्रेच्या पेनिसिलिनबद्दल विचारा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या 274 रुग्णांच्या चाचणीत 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर दिल्यावर 22 टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. रिकाम्या गोळीच्या गटात 37 टक्के. औषध थांबवल्यावर मात्र फायदा ओसरला. 2020 सालच्या एका लहान चाचणीत जुनाट सुजेच्या पायाला नेमाने दाब दिलेल्यांपैकी 15 टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला, दाब न दिलेल्यांपैकी 40 टक्के. कृमीचं निदान कधीही झालेलं असो, दाब आणि स्वच्छता दोन्ही हवीत.

प्रश्न: स्तनाची शस्त्रक्रिया झाली त्या बाजूच्या हातात इंजेक्शन घ्यायचं नाही, रक्तदाब मोजायचा नाही, पिशवीसुद्धा उचलायची नाही, विमानात बसायचं नाही. ही यादी खरी आहे का?

यादी जुनी आहे आणि तिने बायकांना घाबरवलं जास्त. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 632 रुग्णांच्या अभ्यासात रक्त काढणं, इंजेक्शन, रक्तदाब मोजणं आणि विमानप्रवास यांचा हात सुजण्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढण्याशी, जास्त वजनाशी आणि त्वचेच्या संसर्गाशी. दुसरा हात उपलब्ध असेल तर तो पुढे करा. नसेल तर तातडीच्या वेळी अडून बसू नका. हात आधीच सुजलेला असेल तर मात्र तो टाळलेलाच बरा. विमानात आपली स्लीव्ह घाला, ती नीट बसणारी असेल तरच.

वजन उचलण्याबद्दल 2009 सालची चाचणी वाचण्यासारखी आहे. लिम्फेडेमा असलेल्या 141 स्त्रिया, निम्म्या आठवड्यातून दोनदा वजनं उचलत होत्या. वर्षाअखेरीस त्यांच्या हाताची सूज वाढली नाही, आणि त्रास उफाळण्याचं प्रमाण वजनं न उचलणाऱ्यांपेक्षा निम्मं होतं: 14 टक्के विरुद्ध 29. गोम ‘हळूहळू’ या शब्दात आहे. अगदी हलक्या वजनाने सुरुवात, स्लीव्ह घालून, आणि दोन वेळा काहीही न जाणवता पार पडलं तरच सगळ्यांत लहान पायरीने वाढ. आठवडाभर खाडा झाला तर मागे जाऊन सुरू करा. नुकसान होतं ते वर्षभर हात जपून ठेवून एका दिवशी घर हलवायला निघाल्यावर.

पोहणं उत्तम. पाण्याचा दाब दर सेंटिमीटर खोलीला साधारण 0.7 मिमी पारा वाढतो. छातीभर पाण्यात उभं राहिलं तर घोट्याला कुठल्याही स्टॉकिंगपेक्षा जास्त दाब मिळतो, आणि तोही खालून वर कमी होत जाणारा. पाणी गरम नको. बाहेर आल्यावर त्वचा कोरडी करून लगेच स्लीव्ह किंवा स्टॉकिंग.

प्रश्न: दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड, दाबलं की दुखतात, सहज काळेनिळे होतात. पावलं मात्र बारीक. लिम्फेडेमा म्हणून उपचार चालू आहेत, फरक नाही.

हे वर्णन लायपेडेमाचं वाटतं, म्हणजे चरबीच्या विशिष्ट वाटणीचा आजार. लिम्फेडेमा बहुधा एका बाजूला जास्त असतो, पाऊल आणि बोटं त्यात येतातच, आणि सहसा दुखत नाही. लायपेडेमा दोन्ही बाजूंना सारखा, घोट्याशी बांगडी घातल्यासारखा थांबतो, आणि पावलावरची चिमटी सहज उचलली जाते. दाबाचे मोजे दुखणं कमी करतात, पाय बारीक करत नाहीत. निदान पुन्हा करून घ्या. दोन्ही पाय नुकतेच सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड आधी तपासा.

प्रश्न: शस्त्रक्रियेने कायमचं बरं होतं का? आणि हवेच्या पंपाचं काय?

लसिकावाहिनी शेजारच्या शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया होते. जोडायच्या वाहिन्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. वाहिन्या अजून चालत असतील, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात, तिचा उपयोग जास्त. शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तवाहिनीसकट लसिकाग्रंथी आणून बसवणं हा दुसरा मार्ग. दाबल्यावर खळगा न पडणारा, चरबीने भरलेला हात असेल तर जोडणीचा उपयोग नाही, तिथे चरबी शोषून काढतात. आकार खरोखर सारखा होतो, पण त्यानंतर दाबाची स्लीव्ह दिवसरात्र, कायम. काढली तर सूज परत. ही अट आधी सांगितली नसेल तर सर्जन बदला.

पंप हा मदतनीस आहे. अनेक कप्प्यांचा, साधारण 30 ते 60 मिमी पारा, एका वेळी तासभर. आधी धडाकडचा रस्ता हाताने मोकळा करा, नाहीतर पायातला द्रव जांघेत नेऊन ठेवला जातो. पंपाने पाय उतरला आणि गुप्तांगाला सूज आली, ही तक्रार नवी नाही. पंप काढल्या काढल्या स्टॉकिंग.

प्रश्न: मुलगी सोळा वर्षांची. काही न होता एका पावलाला सूज येऊ लागली.

लसिकावाहिन्या जन्मतः कमी किंवा सदोष असतील तर त्रास वयात येताना दिसू लागतो, मुलींमध्ये जास्त. मात्र तसं ठरवण्याआधी शिरेतली गुठळी आणि ओटीपोटातली गाठ सोनोग्राफीने वगळायला हवी. त्यानंतर लिम्फोसिन्टिग्राफी: बोटांच्या बेचक्यात किरणोत्सारी टेक्नेशियमचा सूक्ष्म डोस टोचून तो जांघेपर्यंत किती वेळात पोचतो ते पाहतात. निदान झालं तर उपचार तेच, दाब आणि त्वचा. या वयात स्टॉकिंगचा रंग तिला निवडू द्या. न आवडलेलं स्टॉकिंग कपाटात राहतं.

प्रश्न: आईचा हात बारा वर्षं सुजलेला आहे. गेल्या महिन्यात दंडावर जांभळट डाग दिसला, मार लागल्याचं आठवत नाही. दुखत नाही, म्हणून थांबलो आहोत.

थांबू नका. वर्षानुवर्षं सुजलेल्या हातात, क्वचित का होईना, रक्तवाहिन्यांचा एक आक्रमक कर्करोग होतो आणि तो सुरुवातीला असाच, न दुखणाऱ्या मुक्या मारासारखा दिसतो. कर्करोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा आणि तुकड्याची तपासणी मागा. हात अचानक, काही दिवसांत वाढला तर तेही लिम्फेडेमाच्या खात्यात टाकायचं नसतं. आधी गुठळी आणि मूळ आजार उलटला आहे का, हे पाहून घ्यायचं.